वीतभर पाणी

खडपेवाडी, ता. मालवण, जि. रत्नागिरी
४ सप्टेंबर १९६६

तीर्थरूप दादास,
जानकीचो नमस्कार.

शाळेतल्यासारख्या लिवक गेलंय तर दोन ओळीत अडाकतंय, म्हणान बोलतंय तसाच लिवतंय. तू हसा नको. आये गेली तेवा सहावीतसून घरात बसलंय, तेका आता चार वर्सां झाली. पेन हातात धरलंय की बोटा कशी लाकडासारखी होतत.

नारळी पुनव झाली. धोंडूमामाची लाँच मालवणाक जावक लागली. सगळी वाडी दर्यात नारळ घालूक इली होती. मी खोपीच्या मागसून बगलंय.

एक गोष्ट सांगूची आसा, ती तुज्याकडेच ठेव. आषाढातल्या वाऱ्यात बाबांचो पाण्याचो खांब पडलो. तोच, दर्याचा पाणी मोजूचो, फूट-इंच मारलेलो. हापिसाक कळयला असता तर इन्स्पेक्टर इलो असतो आणि बाबांका पन्नास प्रश्न इचारले असते. म्हणान धोंडूमामा आणि बाबली तांडेल दोगांनी मिळान तो परत उभो केल्यानी. जुनो दगड फुटलो, म्हणान बाजूच्या दगडावर. ह्यो दगड वीतभर उंच आसा. मी म्हटलंय, "मामा, मगे पाणी वीतभर कमी दिसतला." तर मामा म्हणता, "वीतभरान काय दर्यो आटता गो?"

बाबांकव सांगूक नाय. सांगला तर ते आपणच हापिसाक चिठी धाडतले, ठावक आसा मां तुका. आणि ह्या काम गेला तर तेंका दुसरा काय रवना नाय. सकाळी पाणी वाचल्याशिवाय पेज घशाखाली उतरना नाय. तीस वर्सां झाली.

बाबा बरे आसत. पाणी तेच वाचतत, कागद तेच लिवतत. दर आठवड्याक मुंबैक जाता तो कागद तुज्याच हापिसात येता म्हणान तू लिवलेलंस. खरा काय?

चतुर्थीक येतलंस ना? पंधरा दिस रवले.

तुजी भयण,
जानकी


मुंबई
११ सप्टेंबर १९६६

चि. जानकी,

खरं आहे. कागद माझ्याच टेबलावर येतो. तुमचा प्रत्येक आकडा मी यंत्रावर बसून कार्डात भोकं पाडून उतरवतो. चार फूट सात इंच म्हटलं की चारचं भोक वेगळं, सातचं वेगळं. तुला वाटेल दादा मोठा साहेब झाला. नाही गो. साहेब वेगळे, मी कार्डवाला.

कॉम्प्युटरची खोली इतकी थंड ठेवतात की मुंबईच्या घामात तुझा दादा स्वेटर घालून कामाला बसतो. बाबांना सांग, हसतील.

तू मागे विचारलं होतंस, हे मशीन आपलं बंदर ओळखतं कसं. सांगतो. साहेबांनी भरती-ओहोटीचा प्रोग्रॅम लिहिलाय. प्रोग्रॅम म्हणजे मशीनने काय काय करायचं त्याची यादी. ती इंग्रजीसारख्या भाषेत असते आणि मशीनला ती कळत नाही, म्हणून आधी तिचं मशीनच्या भाषेत भाषांतर करून घ्यावं लागतं. ह्यात मशीनचा बराच वेळ जातो आणि आमची पाळी आठवड्यातून एकदा. सात बंदरं आहेत. सात वेळा कोण भाषांतर करणार? म्हणून साहेबांनी आत दोन-तीन घरं रिकामी ठेवली आहेत. घराला नाव आहे, आत काही नाही. एक घर बंदराच्या नावाचं. एक, खांबाचं शून्य किती वर बसलंय त्याचं.

भाषांतर एकदाच होतं. मग चालवायच्या आधी सगळे तुकडे एकमेकांना जोडतात, त्याला आम्ही जोडणी म्हणतो. त्या वेळी मी वर एक कार्ड लावतो: ह्या घरात हे घाल. जोडणी झाली की घर बंद. मशीन चालू असताना मग ते कोणाला बदलता येत नाही. आणि साहेबांचा मूळ कागद उघडून बघितला तर तिथे घर रिकामंच दिसतं. कार्ड फक्त मला आणि मशीनला ठाऊक.

खांबाची काळजी तू करू नकोस. बाबांना मी काही कळवत नाही.

चतुर्थीला येणं जमत नाही. आमची मशीनवरची पाळी नेमकी त्याच दिवशी आहे. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझा
गुरुदास दादा


खडपेवाडी
२५ सप्टेंबर १९६६

तीर्थरूप दादास,

तू येवचंस नाय ह्या माका आदीच वाटला होता. तरी दारात रांगोळी मोठी घातलंय.

तुज्या कार्डाचा मी दोन दिस इचार केलंय आणि माका ता गाऱ्हाण्यासारख्या वाटला. बग हां. देवळात गावकार गाऱ्हाणा घालता ता एकच, वाडवडलांपासून तसाच. फकत मदी एक जागा आसा, "आज ह्या अमक्याच्या घरात". थंय ज्येचा गाऱ्हाणा तेचा नाव घालतत. एकदा घातला, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटला की झाला. मगे फिरवूक गावना नाय. तुजा कार्ड म्हणजे ताच मां?

ह्या वर्सा गावकारान "मुंबैत ऱ्हवणारो लेक गुरुदास" म्हणान तुजा नाव घातल्यान. पन्नास माणसांनी व्हय म्हाराजा म्हटल्यानी. माजा नाव कोणी घालूक नाय. मी हंयच आसंय, म्हणान आसतला.

बाबा बरे आसत. दिसाक दोन वेळा खांबाकडे जातत, मी वांगडा जातंय. वाटेर काशीबाय भेटता, ती म्हणता, "गो जानक्या, तुज्या तोंडात जीब आसा की बांगडो?" मी काय बोलनंय नाय. फुडे गेलंय की मनातल्या मनात चार उत्तरा देतंय.

कागदावरचे आकडे बगलंय की माका वाटता, ह्यो पाच दादा बगतलो, ह्यो सात दादा बगतलो. येडेपणा तो.

तुजी
जानकी


मुंबई
१६ ऑक्टोबर १९६६

चि. जानकी,

आज नोव्हेंबरचं कोष्टक छापून निघालं. लहान बंदरांचं हे पहिलंच. कुठल्या दिवशी कधी किती पाणी, सगळं त्यात आहे. बंदर खात्यामार्फत ते धोंडूमामाकडे पोचेल. त्याला सांग, आता अंदाजाने लाँच घालायची गरज नाही, कागद बघून घाल.

लांबच्या लांब कागद मशीनमधून घडीघडीने उतरतो. तुमचं बंदर पाचवं. ते आलं तेव्हा मी कागद हाताने धरून थोडा वेळ थांबवला. बाजूचा म्हणाला, "काय रे, लॉटरी लागली काय?"

इथे बोलायला तसं कोणी नाही. खानावळीत शेजारी बसतो तो गेलं वर्षभर एकच वाक्य बोलतो, "आज आमटी पातळ." मीही म्हणतो, "हो, पातळ." झालं आमचं.

दिवाळीलाही नाही जमत. पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो.

गुरुदास


खडपेवाडी
७ नोव्हेंबर १९६६

दादा,

लाँच लागली.

परवा शनवारी, सांजचे पाच वाजता. भांग होतो. भांगाक भरतीचा पाणी मुळात थोडाच चढता, म्हणान मामा अशा दिसाक लाँच भायरच नांगरता आणि माणसांका होडीन आणता. पण तुज्या कोष्टकात पाच फूट तीन इंच लिवलेला. लाँचीक पाच व्हया. मामान कागद दोनदा बगल्यान आणि आत घातल्यान. खडपार असो आवाज झालो की वाडीतली कुत्री भुकाक लागली.

मेला कोण नाय. मामाचो उजवो हात मोडलो. बाकीची कमरेइतक्या पाण्यातसून चलत इली. काशीबाय कोंबड्यांची पाटी डोक्यार घेवन येय होती आणि पुऱ्या दर्याक गाळी घालीत होती. लाँचीची बूड फुटली, ती अजून थंयच आडवी पडली आसा.

आता मालवणातसून सांगणा इला की इन्स्पेक्टर बावीस तारकेक येतलो. कोण म्हणता मामा पियालेलो होतो. मामा सुपारी सोडून कशाक हात लावना नाय, तुका ठावक आसा. तेचा लायसन काढून घेतले तर तो काय करतलो? आणि मामा चुकूक नाय तर मगे चूक खांबाकडची, म्हणजे बाबांची. दोगांतल्या एकाचा काम जातला.

दादा, मशीन चुकता काय? चुकता तर माका लगेच कळव. माज्याकडे एक गोष्ट आसा ती सांगूची की नाय ता माका कळना नाय. तुजा पत्र इला की ठरयतलंय.

जानकी


खडपेवाडी
१८ नोव्हेंबर १९६६

दादा,

दिवाळी झाली. भिकाजी पोस्टमन आता माका दारात बगलो की लांबसूनच हात हलयता. तुजा पत्र नाय. तू बरो आसस मां? चार दिस रवले.

जानकी


खडपेवाडी
२३ नोव्हेंबर १९६६

तीर्थरूप दादास,

तुजा पत्र इला नाय. काल इन्स्पेक्टर इलो. झाला ता सगळा सांगतंय.

सकाळी धा वाजता सगळी वाडी बंदरार. इन्स्पेक्टर खुर्चेर, मामा हात गळ्यात बांधून उभो. इन्स्पेक्टरान पयले मामाक इचारल्यान, मगे बाबांका म्हणालो, "आजोबा, तुमच्या आकड्यांवरनं मुंबईला कोष्टक केलं. आता ह्या क्षणाला खांबावर किती पाणी आहे, सांगा बघू."

दादा, आता तुकाव सांगतंय. बाबांका दिसना नाय. गेल्या शिमग्यापासून डोळ्यार पडदो इलो आसा. पाणी मी वाचतंय, कागदव मीच लिवतंय. बाबांसारख्या अक्षर काढून. तुका फसयलंय.

बाबा खांबाकडे तोंड करून उभे रवले. पायाखालच्या दगडार लाट कशी आपाटता ता आयकले आणि म्हणाले, "तीन फूट सात."

इन्स्पेक्टर खांबाकडे गेलो, वाकान बगल्यान. दोन फूट धा. हसलो. "आजोबा, नऊ इंच चुकलात. तुम्हाला दिसतच नाही." आणि लिवक लागलो.

बाबा चुकूक नाय होते, दादा. जुन्या दगडार खांब आसतो तर तीन फूट सातच दिसला असता. मी फुडे गेलंय. कशी गेलंय माका ठावक नाय. तोंड उघडलंय आणि कायच भायर पडना नाय. इन्स्पेक्टर म्हणता, "ही कोण?" काशीबाय मागसून वराडली, "ती काय बोलतली! तीचो खांब करून उभो करा." माणसा हसली.

तेवड्यात मामा म्हणालो, "बोल गो चेडवा. हेका बगा नको. डोळे मिट आणि देवाक गाऱ्हाणा घाल."

मी डोळे मिटलंय आणि बाबांचा नाव घातलंय. म्हटलंय, "बा देवा म्हाराजा, आज ह्या भिकू तांडेलाच्या घरात, खांब आषाढात पडलो आणि कोणी कळवूक नाय..." आणि मागसून बाबली तांडेलान सवयीन मोट्यान म्हटल्यान, "व्हय म्हाराजा!"

सगळे खो खो हसले. इन्स्पेक्टरव हसलो. मगे माजा सुटला. सगळा सांगलंय. खांब वीतभर वर गेलो ता, बाबांका दिसना नाय ता. आणि तुकाव ठावक नाय ता: पयल्या दिशी मी नवीन खांबावरचो आकडो येवन बाबांका सांगलंय, तर बाबा म्हणाले, "कमी सांगतंस. परत बग." दुसऱ्या दिसाक तसाच. तेंका लाटेच्या आवाजावरसून कळता. खांब हललो ता तर सांगूक येयना. म्हणान मी नव इंच मिळवन सांगूक लागलंय, आणि तसाच लिवक लागलंय. तेवा बाबा म्हणाले, "आता बरोबर."

इन्स्पेक्टरान ता सगळा लिवन घेतल्यान. म्हणालो, "म्हणजे नऊ इंच तू आपल्या मनाने वाढवलेस. कोष्टक त्यामुळे चुकलं." मी व्हय म्हटलंय. तेना कागदार खाली माजी सय घेतल्यान.

पण घराक इल्यार रातभर माजा डोक्या फिरता. खांब नव इंच वर गेलो, पाणी नव इंच कमी दिसाक लागला, मी नव इंच मिळयलंय. म्हणजे आदी होता तसाच झाला मां? मगे मी चुकलंय खंय? कोष्टकात पाणी वाढला खंयसून? इतक्या माणसांत कोणाकच कसा दिसला नाय ता?

बाबा कालपासून माज्याकडे बोलूक नाय.

जानकी


मुंबई
२८ नोव्हेंबर १९६६

जानकी,

ते नऊ इंच मी घातले.

तुझ्या पहिल्या पत्रात होतं, खांब वीतभर वर गेला. मी ठरवलं, बाबांना बोल नको, तुला त्रास नको, कोणाला सांगायलाच नको. जोडणीच्या वेळी जे कार्ड लावतो त्यावर खांबाच्या शून्याच्या घरात नऊ इंच घातले. मशीनने तुमच्या प्रत्येक आकड्यात नऊ मिळवले. तू आधीच मिळवले होतेस. तुझं एकटीचं बरोबर होतं. माझं एकट्याचंही बरोबर होतं.

लाँच लागल्याचं तुझं पत्र मला अकरा तारखेला मिळालं. त्याच दिवशी मी कार्ड काढून तपासलं. मला वाटलं वजाच्या जागी अधिक झालं असेल. कार्ड ठीक होतं. म्हणजे चूक तुमच्याकडची, असं मी स्वतःला सांगितलं आणि गप्प बसलो. बंदर खात्याकडून साहेबांना विचारणा आली. त्यांनी तीन दिवस प्रोग्रॅम वाचला, ओळ न ओळ. नऊ इंच कुठेच नाहीत. असणार कसे, तिथे घर रिकामंच दिसतं. मी बाजूला उभा होतो, स्वेटर घालून. साहेब म्हणाले, "प्रोग्रॅम स्वच्छ आहे. आकडेच खोटे येत असणार." मी मान हलवली. तुझं पोस्टकार्ड आलं, "तू बरो आसस मां?" ते मी खिशात घालून फिरलो.

आणखी एक. आकडे तू लिहितेस हे मला पहिल्या कागदापासून माहीत आहे. बाबांचे आकडे रेघ सोडून वर उडतात. तुझे रेघेवर बसतात, पहिल्या बाकावर बसल्यासारखे. बाबांचे डोळे गेले असणार हे मला तेव्हाच कळलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर यावं लागलं असतं. आणि घरी येऊन आयेच्या जागेकडे बघणं मला अजून जमत नाही. मशीनची पाळी वगैरे सगळं खोटं. चतुर्थीला मी खोलीतच होतो.

तू पन्नास माणसांत बोललीस. मी एका माणसापुढे बोललो नव्हतो. काल तुझं पत्र आलं, आज सकाळी साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. कार्ड हातात घेऊन उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "तीन दिवस मी काय वाचत होतो मग?" ते जास्त लागलं.

कोष्टकातली चूक इथे झाली, लाँचवाल्याची नाही, खांब वाचणाऱ्याचीही नाही, असं पत्र आज बंदर खात्याला गेलंय. माझी सही आहे. बाबांना हे वाचून दाखव.

गुरुदास


खडपेवाडी
९ डिसेंबर १९६६

दादास,

मामाचा लायसन रवला. मालवणातसून कागद इलो. मामान तो माका परत परत वाचूक लायल्यान. म्हणता, "तुज्या दादाक सांग, हात जुळलो की तेचो एक कान उपटूचो आसा. डाव्या हातान येना नाय."

बाबांचा काम गेला. चूक म्हणान नाय, दिसना नाय म्हणान. इन्स्पेक्टर बरो बोललो, पण गेला ता गेलाच. खांब आता बाबली तांडेलाकडे. मी इचारलंय, "मी वाचतलंय काय?" दादा, मी आपणहून इचारलंय. तो म्हणालो, पोरीच्या नावावर नाही होत.

तुजा पत्र बाबांका वाचून दाखवलंय. दोन वाक्या सोडून. खंयची ता तुका कळतला. बाबा म्हणाले, "एक वीत हेना घातल्यान, एक तिना. एकान दुसऱ्याक इचारूक नाय. माजीच पोरा." आणि तेवा पयल्यांदा माज्या डोक्यार हात ठेवल्यानी.

पण माका तुजो राग इलो आसा. लिवतंय, कारण तोंडार बोलूक तू हंय नाय. तीन म्हयने तुका ठावक होता मी एकटी खांब वाचतंय. मी आकडे काढताना येडीसारखी म्हणय, ह्यो दादा बगतलो. तू बगी होतंस. माजा अक्षर वळाखलंस. आणि कार्डार भोक पाडून फुडचो आकडो घेतलंस.

आयेच्या जागेकडे मीव बगनंय नाय. मी थंय भाताची कणगी सरकवन ठेवलंय. तू इलो असतंस तर ता तुका दिसला असता.

आता बाबलीन काय लिवचा? नव मिळवूचे की नाय? तो इचारता.

जानकी


मुंबई
२० डिसेंबर १९६६

जानकी,

बाबलीला सांग, खांबावर दिसेल तेच लिहायचं. काही मिळवायचं नाही. नऊ इंचांचं कार्ड तसंच राहणार, असं साहेबांनी ठरवलं. फक्त आता ते गुपित नाही. कुठल्या बंदराला काय घातलं, का घातलं, कधीपासून, ह्याची यादी प्रत्येक गठ्ठ्यावर चिकटवायची असा नियम केलाय. पुढचा माणूस बदलला तरी चालेल.

पुढचा माणूस बदलतोच आहे. एक तारखेपासून मला दुसऱ्या विभागात दिलंय. शिक्षा म्हणून नाही म्हणाले. तिथे मशीन नाही, नुसती कपाटं आहेत. स्वेटर लागणार नाही. तुमच्या बंदराचे आकडे आता दुसरा कोणी उतरवेल, त्याला ते कोणाचे हे माहीत नसेल.

तुझा राग बरोबर आहे. त्यावर मला लिहिता येत नाही. तीन कागद फाडले.

शिमग्याची रजा मागितली आहे. मिळेल असं लिहीत नाही. मागितली आहे एवढंच.

तू दिवसभर काय करतेस आता?

गुरुदास


खडपेवाडी
८ जानेवारी १९६७

तीर्थरूप दादास,

काय करतंय म्हणान इचारलंस. पेज शिजयतंय, माडांका शिपणा करतंय, बाबांका आंगोळीक पाणी देतंय. पण वेळ झाली की पाय आपणच बंदराकडे वळतत. बाबांचेव. मगे दोगा जातंव.

बाबलीक ता आवडना नाय. म्हणता, "हापिसाचो माणूस मी आसंय, तुमी दोगा हंय कित्या?" बाबा लाट आयकतत आणि आकडो सांगतत. बाबली वाकान बगता आणि वराडता, "भिकूनानू, नव इंच जास्त!" बाबांका आता सगळा ठावक आसा, तरी ते नव कमी करनत नाय. म्हणतत, "दगड तुमी बदललास, दर्यो नाय." रोज असा चलता. काल काशीबाय थंय उभी रवान आयकी होती, माका म्हणता, "गो, त्या दिसा बरा बोललंस हां." मी म्हटलंय, "व्हय." तितक्याच. घराक येवन वाटला, आणि चार शब्द बोलूक व्हये होते.

टपालाचो आकड्यांचो कागद आता बाबली नेता. सोमवारी सकाळी तो आमच्या दारासून जाता तेवा मी आत जावन बसतंय. इतके म्हयने तो कागद लिवताना माका कोणतरी समोर बसल्यासारख्या वाटय. आता ता घर रिकामा आसा. तुज्या मशीनातल्या घराक निदान कोणतरी कार्ड लायता.

रजा मागितलंस ता बाबांका सांगलंय. येतलो म्हणान सांगूक नाय, मागितल्यान म्हणान सांगलंय. ते म्हणाले, "बरा."

आज बाबलीक ताप. कोण वाचूक नाय होता. मी गेलंय, एकटीच. हापिसाच्या कागदार लिवक माका हक्क नाय, म्हणान हंय लिवतंय. ह्या कोणाच्या उपेगाक नाय, खंयच्या मशीनात घालूचा नाय. तू फकत वाच.

सकाळी आठ वाजता, चार फूट दोन इंच. माका दिसला तितक्याच लिवलंय.

तुजी
जानकी